वाहतंय का थरथरतंय?

तुळजापुरात आम्हाला भाड्यानं खोल्या मिळाल्या त्या खरवसाच्या परीक्षेवर. बाकीचे घरमालक विचारायचे, नोकरी कुठं, माणसं किती, मटण-मासळी शिजवता का. या बाईंनी मला स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं केलं, समोर खरवसाची वाटी ठेवली, चमच्यानं वाटीच्या काठावर हलकेच टिचकी मारली आणि विचारलं, "काय दिसलं?"

"खरवस," मी म्हणालो.

"ते मलाही दिसतंय. तो करतोय काय?"

सकाळपासून खोल्या शोधत फिरत होतो, पोटात काही नव्हतं. मी म्हणालो, "वाट बघतोय."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मग वाटी माझ्याकडं सरकवली. "थरथरतोय. वाहत नाही, थरथरतोय. राहायला चालाल तुम्ही. प्रयोगशाळेत नसतं घेतलं."

त्या दिवसापासून मी त्यांचा 'भाडेकरू' झालो. नावानं त्यांनी मला कधीच हाक मारली नाही. जिन्याखालून आवाज यायचा, "भाडेकरू, दही लागलं का?" गल्लीतल्या पोरांना माझं खरं नाव ठाऊक नव्हतं. पंचायत समितीत आलेला एक माणूस माझ्या टेबलासमोर उभा राहून "भाडेकरूसाहेब हायेत का?" असं विचारून गेला होता.

बाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. तरुणपणी औरंगाबादेत जेलवर, म्हणजे जेलीसारख्या गोठणाऱ्या पदार्थांवर, संशोधन करत होत्या, ते अर्धवट राहिलं. का राहिलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. पण संशोधन थांबलं नव्हतं, ते फक्त स्वयंपाकघरात राहायला आलं होतं. चष्म्याच्या घरात त्या चष्मा ठेवत नसत. त्यात काचेचा लांब थर्मामीटर असायचा. पाकीट घरी विसरेल, पण पिशवीतली वीतभर लांबीची रवी विसरणार नाही. कुणाकडं जेवायला गेल्या की आधी पिठल्यात थर्मामीटर, मग आचमन.

आणि एक प्रश्न कायमचा. पिठलं असो, खीर असो, पुस्तकं चिकटवायची खळ असो, बाई भांडं तिरपं करून विचारायच्या, "वाहतंय का थरथरतंय?"

माझ्या बायकोनं एकदा धीर करून विचारलं, की बाई, यात एवढं आहे काय? बाईंनी तिला खिडकीशी नेलं. नवरात्र चालू होतं, देवीच्या दर्शनाची रांग, आमच्याकडं तिला बारी म्हणतात, पार आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलेली. "ती बारी बघ," बाई म्हणाल्या. "मागच्यानं ढकललं की अख्खी बारी डुलते, पण जागची हलत नाही. प्रत्येकानं पुढच्याचा सदरा धरलाय. ते जेल. आतलं दार उघडलं, सदरे सुटले, की वाहायला लागते. जेलीत तेच असतं. लांबच लांब साखळ्या असतात. तापल्या की सुट्या पळतात, निवल्या की एकमेकींचे हात धरतात, त्यांचं जाळं होतं आणि पाणी त्यात अडकतं. कोण किती अंशाला हात धरतो आणि किती अंशाला सोडतो, एवढंच शास्त्र. बाकी पगारापुरतं."

आता आमच्या घरात लग्न-बारसं असलं, माणसं जेवून सतरंजीवर लवंडली, की कुणीतरी म्हणतंच, "बाईंचं सांगा की." मी आधी नाही म्हणतो, मग सांगतो. माझी मुलगी म्हणते, "पप्पा दर वेळी तापमान दोन अंशानं वाढवून सांगतात." खरं असेल. पण तेरखेड्याच्या लग्नातलं तापमान मी वाढवलेलं नाही, ते बाईंनी स्वतः मोजलं होतं.

माझ्या पुतण्याचं लग्न, भर मे महिन्यात, तेरखेड्याला. बाईंना आग्रहानं नेलं. तेरखेडा म्हणजे फटाके बनवणारं गाव, तिथं फटाक्यांची काय कमी? वरात यायच्या आधीच कानाला दडे बसले होते. केटरिंगवाल्यानं हौसेनं हिरव्या-लाल जेलीचा मोठा किल्ला करून आणला होता, बुरुजांसकट. बाईंनी किल्ल्यात थर्मामीटर खुपसला आणि म्हणाल्या, "सव्वीस. जिलेटिन आहे. हे तिशी ओलांडली की हात सोडतं. पहिली पंगत बसेपर्यंत गड पडणार."

"काय बी काय मावशी," केटरिंगवाला म्हणाला, "पुण्याचा माल हाय."

"मग पुण्यातच लग्न करायचं होतं."

अक्षता पडल्या तेव्हा बुरुज कलले होते. पंगत बसली तेव्हा लाल-हिरवं पाणी टेबलावरून खाली ओघळत होतं आणि पोरं ते ओंजळीनं पीत होती. मी त्या दिवशी उरलेल्या केसांना जेल चोपडून भांग पाडला होता. आमच्या मेहुण्यांनी त्याच वेळी मला आरसा दाखवला. भांग भुवयांपर्यंत आलेला. बाईंनी आधी किल्ला बघितला, मग माझं डोकं. "जेली उष्म्यानं गेली," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमचे केस घामातल्या मिठानं. कारणं वेगळी आहेत, गल्लत करू नका."

ही गोष्ट मी हसवायला सांगतो. पुढची मात्र सांगतो ती हसवायला नव्हे, तरी लोक हसतात.

माझे वडील, आण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन अणदूरला शेती बघायचे. त्यांच्या डोक्यातला महाराष्ट्राचा नकाशा चहाच्या टपऱ्यांचा होता. कुठल्या स्टँडवर चहा पाणचट, कुठं आलं जास्त. चहा बशीत ओतायचा आणि असा फुरका मारायचा की शेजारच्या खोलीतलं माणूस उठून बसेल. आमच्याकडं आले की बाई वर यायच्या आणि त्यांच्या बशीत थर्मामीटर टेकवायच्या.

"मास्तरीणबाई, च्याला ताप आलाय व्हय?" आण्णा विचारायचे.

"उतरलाय. कपातून बशीत ओतला की झपाट्यानं उतरतो. तुम्ही करता ते शास्त्राला धरून आहे, आण्णा. फक्त आवाज फार करता."

एका उन्हाळ्याच्या तोंडाला आण्णांना अर्धांगाचा झटका आला. सोलापूरला दवाखान्यात ठेवलं. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, आणि घसा. घशाचं आम्हाला माहीतच नव्हतं. गिळणं तपासणाऱ्या एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या, त्यांनी समजावलं, "पातळ काही द्यायचं नाही. पाणी नाही, चहा नाही. पातळ पदार्थ पटकन पळतो, यांचा घसा वेळेवर दार लावत नाही, मग ते फुप्फुसात जातं. सगळं दाट करून, हळू सरकेल असं द्या." दाट करायची पावडर दिली. नाकातली नळी काढली आणि बजावलं, "पुढच्या तपासणीपर्यंत तोंडानं पुरेसं पोटात गेलं नाही, तर नळी परत घालावी लागेल."

त्या नळीची आण्णांना एवढी चीड होती, की ती उपटतील म्हणून दवाखान्यात त्यांचा चांगला हात कॉटला बांधून ठेवत. चाळीस माणसांची गाडी घाटातून उतरवणारा तो हात. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहायचो.

त्यांना आमच्याकडं तुळजापूरला आणलं. वरण, पेज थोडंफार जायचं. पण अंगात पाणी जायला हवं, आणि आण्णांच्या लेखी पाणी म्हणजे चहा. मी उकळत्या चहात पावडर टाकायचो, तो पातळच दिसायचा. आणखी टाकायचो. फुंकर घालून चमचा तोंडाशी नेईपर्यंत त्याची अशी खळ व्हायची की भिंतीला निवडणुकीचं पोस्टर चिकटलं असतं. कमी टाकली की गरम असताना ठसका. ठसका म्हणजे डोळे पांढरे, बायको पाठ चोळतेय, मी उभ्या उभ्या देवीला नवस बोलतोय.

चार दिवसांत आण्णांनी तोंड मिटलं. चमचा पुढं नेला की ओठ घट्ट. एकदाच बोलले. एकेक शब्द ओढत, "ह्ये... च्या... न्हाय."

बाई वर आल्या. वाटी तिरपी केली. "वाहतंय का थरथरतंय?"

"दोन्ही नाही बाई," बायको म्हणाली, "रुसलंय." आणि रडायला लागली.

बाईंनी पावडर जिभेला लावून बघितली. "पीठ आहे. तापलं की ढिलं, निवलं की आवळतं. भाडेकरू, तुम्ही दाटपणा बघता उकळत्याचा आणि पाजता कोमटाला. मधल्या वेळात वाटीतला पदार्थच बदलतो. यांना गरम असताना दाट लागतं आणि निवतानाही तेवढंच दाट." एवढं बोलून त्या खाली गेल्या आणि त्यांच्या स्वयंपाकघराचं दार बंद झालं.

जिलेटिन त्यांनी आधीच बाद केलं. "तोंडात गेलं की पाणी होतं. ते तर फितूर. बाहेर शहाण्यासारखं बसणार आणि घशात पळणार." आणखी काय काय शिजलं देव जाणे. मला रोज एक वाटी चाखावी लागायची. एक होती ती मी चावत होतो का पीत होतो, अजून ठरवता आलेलं नाही.

रमजान चालू होता. शेजारच्या खाला इफ्तारीच्या वेळी आमच्याकडं ताटली पाठवायच्या. त्यात चायना ग्रास, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेलं अगर, घालून गोठवलेल्या दुधाच्या वड्या असायच्या. त्या दिवशी बाई आण्णांच्या उशाशी बसल्या होत्या. पंखा गरम वारा ढकलत होता, उदबत्तीसुद्धा वाकली होती म्हणा. बाई त्या ताटलीकडं बघत राहिल्या. मग बोटानं एक वडी हलवली. वडी डुलली आणि ताठ उभी राहिली.

"खाला!" बाईंनी खिडकीतून हाक मारली. "ही वडी दुपारपासून बाहेरच आहे?"

"हौ बाई, फ्रीज बिगड्या ना हमारा. क्यूं, खराब हुई क्या?"

"नाही हो. फार शहाणी आहे."

चायना ग्रास हट्टी असतं, बाईंनी जिना उतरता उतरता मला सांगितलं. चाळिसाच्या खाली आलं की हात धरतं, आणि एकदा धरला की पंच्याऐंशीपर्यंत सोडत नाही. म्हणजे गोठलेला चहा परत गरम करता येईल, आणि तो गोठलेलाच राहील. मला त्यातलं एवढंच कळलं, की गरम चहा.

पहिली खेप फसली. नुसता गोठवलेला चहा तोंडात फुटून त्याचा चुरा व्हायचा. बाईंनी स्वतः खाऊन मान हलवली. "घशात कुठंही अडकेल. नाही." दुसऱ्या दिवशी खालून घुसळल्याचा आवाज यायला लागला. मी डोकावलो. थंड पाण्याच्या परातीत पातेलं, पातेल्यात चहा, बाईंच्या एका हातात रवी, दुसऱ्यात थर्मामीटर. "गोठत असतानाच घुसळायचं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "एक मोठं जाळं होऊच द्यायचं नाही. असंख्य बारकी बारकी होतात, ती एकमेकांवरून घसरतात." चमचा तिरपा केला. चहा चमच्याला धरून राहिला, मग सावकाश, गुळगुळीत घसरला. वाटीभर गरम करून दाखवला. तसाच.

मी वाटी उचलून जिन्याकडं धावलो. "थांबा!" बाई ओरडल्या. "त्या डॉक्टर मॅडमनी बघितल्याशिवाय एक थेंब नाही. ही प्रयोगशाळा नाही, माणसाचा घसा आहे."

तपासणीच्या दिवशी सकाळी बाईंनी ताजा चहा घुसळून वर आणून दिला. "पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून कोमट करा. साठच्या वर नेऊ नका. मी साडी बदलून येते." बायको आण्णांचे कपडे भरत होती. मी गॅसपाशी. आण्णा खाटेवरून बघत होते. चहाचा वास गेला तसे कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे हलले. त्यांनी डावा हात उचलला आणि बोटानं खूण केली. वर. आणखी वर. आयुष्यभर त्यांना तीन उकळ्या आल्याशिवाय चहा हा चहा वाटला नव्हता. इतक्या दिवसांनी बाप काहीतरी मागत होता. मी भांडं पाण्यातून काढून थेट जाळावर ठेवलं आणि तीन उकळ्या येऊ दिल्या. मग थर्मासमध्ये भरला, झाकण घट्ट लावलं आणि स्वतःवर खूश होऊन जीपमध्ये बसलो.

सोलापुरात डॉक्टर मॅडमनी आधी आण्णांचं वजन बघितलं. त्यांचा चेहरा पडला. मग थर्मास उघडून चहा चमच्यात घेतला, चमचा तिरपा केला. चहा धारेनं खाली.

"काका, हे तर पाणी आहे." त्या हळूच म्हणाल्या, "मला वाटतं आज आपण नळी घालू या."

आण्णांना सगळं समजत होतं. त्यांनी डावा हात मांडीखाली लपवला.

बाई माझ्याकडं वळल्या. "किती उकळ्या?"

मी जमिनीकडं बघत होतो. आण्णांनी मांडीखालचा हात काढला आणि माझ्या वतीनं तीन बोटं दाखवली.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पंच्याऐंशीच्या वर गेलं, हात सुटले. मेलं नाही काही, परत धरतील. मॅडम, मला थोडा वेळ द्या. गार पाणी कुठं आहे?"

व्हरांड्यात पाण्याचा कूलर होता. बाईंनी दवाखान्याचं एक मोठं स्टीलचं भांडं मागून घेतलं, त्यात गार पाणी, त्यात डबा, डब्यात चहा. पिशवीतून रवी काढली आणि ओपीडीच्या बाकांसमोर जमिनीवर फतकल मारून घुसळायला बसल्या. भोवती माणसं जमली.

"ओ मावशी," वॉचमन आला, "हितं ताक करायला मनाई हाय."

"तसा बोर्ड आहे का?"

"न्हाय."

"मग हे भांडं धरा. हलू देऊ नका."

वॉचमननं टोपी काढून बाकावर ठेवली आणि भांडं धरलं. मागून कुणीतरी विचारलं, "लोणी आलं का?" पायाला प्लास्टर घातलेला एक म्हातारा म्हणाला, "गप रं, दम धर, गोळा बसतोय." बाईंचं कुणाकडं लक्ष नव्हतं. त्या मला आकडा वाचायला लावत होत्या. "किती?" "पंचेचाळीस." "आता?" "एकोणचाळीस." "आता बघा." रवीचा आवाज जड झाला. कपाळावरचा घाम त्यांनी खांद्याला पुसला, हात थांबवला नाही. त्या वेळी त्यांचं वय माझ्या आईएवढं होतं.

कँटीनमधून गरम पाणी आणलं, त्यात डबा ठेवून चहा पुन्हा गरम केला. बाईंनी आधी स्वतः एक चमचा गिळला. डॉक्टर मॅडमनी चमचा तिरपा केला, उलटा केला, चहा जेवणाच्या काट्याच्या फटींतून गळतो का ते बघितलं. मग पुन्हा पहिल्यापासून केलं. आण्णांना ताठ बसवलं, हनुवटी थोडी खाली घेतली, आणि अर्धा चमचा दिला.

आण्णांनी तोंड उघडलं होतं हे माझ्या नंतर लक्षात आलं.

घसा वर गेला, खाली आला. आम्ही सगळे ठसक्याची वाट बघत होतो. दारातून वॉचमनही.

"आजोबा, आ म्हणा."

"आ," आण्णा म्हणाले. स्वच्छ.

"आणखी एक." आणखी एक गेला. आणि एक. मॅडमनी आण्णांच्या मानेवरचं बोट काढलं. "आवाज ओला नाही, म्हणजे घशात काही साचलं नाही. छान उतरतंय. आज नळी नको. असाच देत राहा, पुढच्या वेळी परत बघते." मग वाकून विचारलं, "कसा आहे चहा?"

आण्णांनी बराच वेळ शब्द जुळवला. "साखर... कमी."

बाई आता भाचीकडं बंगळुरात असतात. फोनवर कुरकुरतात, की इथली हवा मिळमिळीत, न सांगता सगळं गोठतं, गंमत नाही. आण्णा गेले, पण नळीशिवाय गेले, आणि त्या दिवसापर्यंत त्यांना रोज सकाळी दुपारी गरम चहा मिळाला. खालून रवीचा आवाज आला की ते उशीवरून मान उचलायचे. मी बाईंचे आभार मानायला दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यांनी त्यात चमचा घातला. "आधी चव सांगा, भाडेकरू."

मला मात्र एकच सकाळ आठवत राहते. पावसाळा सरत आला होता. डॉक्टर मॅडमनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं, आता चमचा नसला तरी चालेल, घोट लहान असू द्या. आण्णांनी बोटानं बशीकडं खूण केली. बायकोनं बशीत बाईंनी घुसळलेला चहा ओतला आणि ती धरून बसली. आण्णांनी तिचा हात बाजूला सारला. बशी डाव्या हातात घेतली.

तो हात अशक्तपणानं फार कापायचा. पाण्याचा पेला दिला असता तर निम्मा अंगावर आला असता. बशी उचलली तशी ती लटपटायला लागली. बायकोनं खाली पदर धरला. मी पुढं झालो. दारात उभ्या असलेल्या बाईंनी माझं मनगट पकडलं.

बशी कापत होती. चहा काठापर्यंत यायचा आणि परत मागं सरायचा. पुन्हा काठापर्यंत, पुन्हा मागं. मांडीपासून छातीपर्यंत, छातीपासून ओठांपर्यंत तो हात कितीतरी वेळ येत होता. पदरावर एक थेंब पडला नाही.

"काय दिसलं, भाडेकरू?" बाईंनी हळूच विचारलं.

या वेळी मला उत्तर येत होतं.

आण्णांनी बशी ओठाला लावली आणि फुरका मारला. असा मारला की पलीकडून खालांनी खिडकी उघडली.

बाईंनी माझं मनगट सोडलं. "आवाज फार करता, आण्णा," त्या म्हणाल्या.